पावसाळ्यात पान धरणारा गुलाब

गुलाबाचे नवे वाण घरच्या अंगणात तयार करण्याचा विषय निघाला की बोलणे लगेच रंगावर येते. निळा गुलाब करता येईल का, अगदी काळा करता येईल का, एका पाकळीवर दोन रंगांचे पट्टे येतील का, हे प्रश्न आधी विचारले जातात. त्यात गैर काही नाही. माणूस गुलाबाकडे वळतो तो फुलासाठीच. पण कोणता गुण दुर्मिळ म्हणायचा हे नुसते फूल पाहून ठरत नाही. झाड कुठल्या मातीत आणि कुठल्या हवेत उभे आहे, त्यावरून ते ठरते. भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यात, चौरास म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सपाट आणि सुपीक पट्ट्यात आसगाव वसले आहे. हा धानाचा मुलूख. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो, आणि पाऊस लागला की पुढचे तीन-साडेतीन महिने बांध्यांत पाणी, हवेत ओल आणि भारी जमिनीत चिखल. रोपवाटिकेतून आणलेला चांगल्या जातीचा कलमी गुलाब इथे जानेवारीत लांब दांड्यावर देखणे फूल देतो, आणि तोच गुलाब पोळ्याच्या सुमारास खराट्यासारखा उभा असतो. आसगावात पोळ्याला अंगभर हिरवी पाने घेऊन उभा असलेला, ज्यावर एकही फवारा मारलेला नाही असा गुलाब निळ्या गुलाबापेक्षा दुर्मिळ आहे. हा गुण आपल्याला बाहेरून कोणी आणून देणार नाही, आणि तो शोधायला आसगावच्या अंगणाइतकी योग्य जागा दुसरी नाही, असे माझे म्हणणे आहे. पुढची सगळी मांडणी याच एका म्हणण्यासाठी आहे.

पाने का गळतात ते आधी पाहू. काळ्या ठिपक्यांचा रोग ज्या बुरशीमुळे होतो तिचे शास्त्रीय नाव डिप्लोकार्पॉन रोझी. तिचा बीजाणू पानावर पडला आणि पान सलग सातेक तास ओले राहिले की तो रुजतो. श्रावणातल्या झडीत पान सात तास काय, दोन-दोन दिवस कोरडे होत नाही. ठिपके पडलेले पान पिवळे होऊन गळते. झाड साठवलेले अन्न खर्च करून नवे पान काढते, तेही गळते, आणि दिवाळीआधीच्या छाटणीपर्यंत बऱ्याच फांद्या शेंड्याकडून वाळत खाली आलेल्या असतात. उन्हाळ्याची तऱ्हा वेगळी: फूल लहान होते, पाकळ्या कमी भरतात, लाल रंग विटतो, सकाळी उमललेली कळी दुपारपर्यंत सताड उघडते. याचा दोष बागकाम करणाऱ्याच्या आळसाला देण्याची आपल्याकडे सवय आहे, आणि ती अन्यायाची आहे. आजच्या हायब्रिड टी आणि फ्लोरिबंडा गुलाबांपैकी बहुसंख्य वाणांची निवड फ्रान्समध्ये, उत्तर जर्मनीत, इंग्लंडमध्ये किंवा कॅलिफोर्नियाच्या कोरड्या हवेत झाली. तिथे ज्या रोपाने उत्तम फूल दिले ते राखले गेले, बाकीची उपटली गेली. तीन महिने भिजत राहण्याची परीक्षा त्या रोपांना कोणी घातलीच नव्हती. ज्या गुणाची परीक्षाच होत नाही तो पिढ्यान्‌पिढ्या टिकेल अशी अपेक्षा धरण्याला काही आधार नाही.

वेगळ्या गुणाच्या मागे लागताना काय हातातून निसटते याचे सर्वांत मोठे उदाहरण पिवळ्या रंगाचे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत बागेतल्या मोठ्या फुलांच्या गुलाबांत गर्द, न विटणारा पिवळा रंग नव्हता. तो पश्चिम आशियातल्या रोझा फोएटिडा या गुलाबात होता. ल्यों शहरातल्या जोसेफ पेर्ने-दुशे यांनी त्याच्या दुहेरी पाकळ्यांच्या ‘पर्शियन यलो’ या प्रकाराचे पराग वापरून कित्येक वर्षे संकर केले. ते बहुतेक वांझ निघाले. अखेर त्या धडपडीतून ‘सोलेई दॉर’ हा गुलाब उभा राहिला आणि १९०० मध्ये बाजारात आला. आज आपल्या अंगणात जे पिवळे, केशरी, ज्वाळेसारखे गुलाब दिसतात त्यांची मुळे त्या एका झाडापर्यंत जातात. पेर्ने-दुशे यांची चिकाटी थोर होती यात शंका नाही. पण रोझा फोएटिडा कोरड्या मुलखातला. काळ्या ठिपक्यांपुढे तो हात टेकतो. त्याचा रंग घेतला तेव्हा त्याची ही दुबळी बाजूही गुलाबांच्या मोठ्या गोतावळ्यात शिरली. पावसाळी हवेत पिवळे आणि केशरी गुलाब आधी उघडे पडतात, त्यामागे हा वारसा आहे. वेगळा गुण एकटा येत नाही, सोबत काय येते ते पाहायला झाड आपल्याच हवेत उभे करावे लागते, एवढे या इतिहासातून घेण्यासारखे आहे.

निवडीची परीक्षा बदलली की निकालही बदलतो, याला पुरावा आहे. जर्मनीतल्या कॉर्डेस या जुन्या घराण्याने १९९० च्या सुमारास आपल्या चाचणीच्या शेतात बुरशीनाशक फवारणे बंद केले. त्या देशातल्या ‘एडीआर’ या मान्यवर गुलाबचाचणीनेही १९९७ पासून रासायनिक फवारणीला मनाई केली. सुरुवातीला ढिगाने झाडे गेली. पुढच्या काही वर्षांत मात्र फवाऱ्याविना पाने टिकवणाऱ्या वाणांची रांग लागली. याहून बोलके उदाहरण अमेरिकेतल्या विल्यम रॅडलर यांचे आहे. विस्कॉन्सिन राज्यातल्या आपल्या घराच्या तळघरात दिव्यांखाली ते बियांपासून रोपे वाढवत. इतर बागायतदार रोगट पाने वेचून जाळतात; रॅडलर ती गोळा करून वाळवत, त्यांचा चुरा करून रोपांवर भुरभुरत, आणि वरून पाणी शिंपडून पाने ओली ठेवत. जे रोप या माऱ्यात टिकले तेच पुढे जाई. त्यातून निघालेला ‘नॉक आउट’ २००० साली बाजारात आला आणि अमेरिकेत सर्वाधिक विकल्या गेलेल्या गुलाबांत जाऊन बसला. आता विचार करा: रॅडलर यांना जे वातावरण शिंपडून, चुरा टाकून, मुद्दाम उभे करावे लागले ते आसगावात जून ते सप्टेंबर फुकट मिळते. ज्याला आपण आजवर अडचण समजत आलो ती नवे वाण निवडणाऱ्यासाठी हाताशी असलेली चाळणी आहे.

पहिला आक्षेप इथेच येतो, आणि तो वजनदार आहे. मोठ्या कंपन्या वर्षाला लाखाच्या घरात रोपे उगवतात आणि त्यातून हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी निवडतात. अंगणात शंभर रोपे लावणाऱ्याचा पाड काय लागणार? याचे उत्तर दोन भागांत आहे. एक तर गुलाबाचा इतिहास अशा अंगणवाल्यांनी भरलेला आहे. कोणाचा कोणाशी संकर करायचा हे ठरवून, नोंद ठेवून गुलाब घडवण्याची पद्धत ज्याने रुळवली तो हेन्री बेनेट इंग्लंडमधल्या विल्टशायर परगण्यातला गहू पिकवणारा आणि गुरे पाळणारा कुळ-शेतकरी होता. गुरांची वंशावळ जशी राखतात तशी गुलाबाची का राखू नये, असा त्याचा साधा हिशेब होता, आणि १८७९ मध्ये त्याने आपले दहा ‘वंशावळीचे’ गुलाब बाजारात आणले. आपल्याकडे डॉ. बी. पी. पाल हे गव्हाचे मोठे संशोधक, दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचे संचालक आणि १९६५ पासून भारतीय कृषी संशोधन परिषदेचे पहिले महासंचालक. गुलाब हा त्यांचा छंद होता. ‘रोझ शरबत’, ‘दिल्ली प्रिन्सेस’, ‘बंजारन’ आणि अणुशास्त्रज्ञ होमी भाभा यांच्या नावाचा पांढरा गुलाब हे त्या छंदाचे फळ. कोडाईकनालचे एम. एस. वीरराघवन सनदी सेवेत होते. त्यांनी आणि त्यांच्या पत्नी गिरिजा वीरराघवन यांनी घरच्या बागेत अनेक दशके एकच ध्यास घेतला, तो उष्ण प्रदेशात सुखाने राहणाऱ्या गुलाबांचा. त्यासाठी त्यांनी मणिपूरच्या डोंगरांतला रोझा जायगँटिया आणि गंगेच्या पूरमैदानातला रोझा क्लिनोफिला हे आपल्याच भूमीतले रानगुलाब संकरात आणले. क्लिनोफिला नद्या-तळ्यांच्या काठी वाढतो आणि पावसाळ्यात पाय पाण्यात ठेवून तग धरतो. पश्चिमेच्या गुलाबशाळांनी ज्याच्याकडे क्वचितच पाहिले तो हा गुलाब चौरास पट्ट्यातल्या माणसाला मात्र आपला वाटायला हवा.

दुसरा भाग संख्येचा. लाख रोपांतून निवड करणाऱ्या कंपनीला असा गुलाब हवा असतो जो अनेक देशांत खपेल, विमानातून जाईल, फुलदाणीत दहा दिवस राहील. तिच्या लाख रोपांपैकी एकालाही आसगावच्या पावसात उभे केले जात नाही. काळ्या ठिपक्यांच्या बुरशीच्या अनेक जाती आहेत आणि एका मुलखातल्या जातीला दाद न देणारे झाड दुसऱ्या मुलखात बळी पडते. ‘नॉक आउट’सुद्धा सगळ्या जातींपुढे सारखा टिकत नाही. म्हणून आपल्या जागेसाठी, आपल्या जागेवर तपासलेली शंभर रोपे परक्या हवेतल्या लाख रोपांपेक्षा आपल्या कामाची. कंपनीशी स्पर्धा करायची नसून तिने रिकामे ठेवलेले शेत कसायचे आहे.

हे पूर्व विदर्भातल्या वाचकाला पटवायला परदेशी दाखले द्यायची खरे तर गरज नाही. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यात, नांदेड नावाच्या गावात दादाजी खोब्रागडे राहत. शिक्षण तिसरीपर्यंत, जमीन दीड एकर. १९८३ मध्ये ‘पटेल-३’ या धानाच्या बांधीत त्यांना काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्यांनी त्या बाजूला काढल्या, पुढच्या वर्षी वेगळ्या पेरल्या, पुन्हा निवडल्या, आणि वर्षानुवर्षे तेच केले. त्यातून बारीक दाण्याचा, चांगला उतारा देणारा जो धान निघाला तो त्या काळच्या घड्याळाच्या नावावरून ‘एचएमटी’ म्हणून अनेक राज्यांत पोचला. पुढे ‘नांदेड चिन्नोर’, ‘नांदेड हिरा’, ‘डीआरके’ असे आणखी वाण त्यांनी दिले. आज आपण ज्याला सहभागी किंवा स्थानिक पीकसुधारणा म्हणतो ती त्यांनी बांधीच्या धुऱ्यावर उभे राहून केली. कोणी म्हणेल, धान स्वतःच्याच परागाने फळतो, त्यामुळे निवडलेली लोंबी दोन-चार पिढ्यांत स्थिर होते. गुलाब मिश्र रक्ताचा, त्याचे प्रत्येक बी वेगळे, तेव्हा तुलना बरोबर नाही. हे खरे आहे, पण त्याचा निष्कर्ष उलटा निघतो. धानात वेगळे रोप सापडल्यावर ते स्थिर करायला वर्षे द्यावी लागतात. गुलाबात एक रोप मनाजोगे निघाले की काम संपले: त्याचा डोळा काढून खुंटावर भरला की तेच झाड दुसरे, तिसरे, शंभरावे उभे राहते, पिढी बदलण्याचा प्रश्नच नाही. दादाजींना हवी होती ती नजर आणि तो धीर गुलाबालाही लागतो. नंतरचे काम मात्र गुलाबात हलके आहे.

आता प्रत्यक्ष संकर किती अवघड आहे ते पाहू, कारण ‘हे शास्त्रज्ञांचे काम’ हा समज बऱ्याच जणांना दारातच अडवतो. आसगावसारख्या ठिकाणी डिसेंबर-जानेवारी हा योग्य काळ, कारण त्या थंडीत पराग जिवंत राहतात आणि फळ पिकायला लागणारे चारेक महिने कडक उन्हाच्या आत बसतात. आईझाडावर अशी कळी निवडायची जिची हिरवी बाह्यदले मागे वळू लागली आहेत पण पाकळ्या अजून मिटलेल्या आहेत. सकाळी लवकर तिच्या पाकळ्या एकेक करून काढायच्या. आत पिवळ्या पुंकेसरांचे कडे दिसते. त्यातला प्रत्येक केसर बारीक चिमट्याने, थैली न फोडता उपटायचा. मधोमध कुक्षींचा छोटा झुपका उरतो. त्यावर कागदी पिशवी बांधायची, म्हणजे मधमाशी आपल्याआधी पोचत नाही. बापझाडाचे केसर आदल्या दिवशी कागदावर सावलीत वाळत घातलेले असतात. दुसऱ्या दिवशी त्यांतून पिवळी पूड सुटते. कुक्षींवर चिकट ओल चमकू लागली की ती पूड बोटाने किंवा मऊ कुंचल्याने लावायची, पिशवी पुन्हा बांधायची आणि चिठ्ठी लटकवायची: आईचे नाव आधी, बापाचे नंतर, तारीख. आठ-दहा दिवसांनी पिशवी काढली तर फुलाखालची गाठ एकतर काळी पडून गळालेली असते किंवा हिरवी आणि टणक झालेली असते. टणक झालेली गाठ एप्रिलपर्यंत पिवळी-केशरी होते. तिच्यातले बी कठीण कवचाचे असते आणि थंडी खाल्ल्याशिवाय सहसा उगवत नाही. म्हणून ते ओल्या वाळूत किंवा ओल्या कागदात गुंडाळून सहा ते आठ आठवडे फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवावे लागते. इथल्या हवेत सोयीचा क्रम असा की उन्हाळाभर बी कोरडे ठेवायचे, ऑगस्टमध्ये ओल द्यायची आणि ऑक्टोबरमध्ये पेरायचे. सगळे बी उगवत नाही, निम्मेही उगवेल याची खात्री नसते. पण बारमाही जातीच्या संकराचे रोप उगवल्यापासून दोनेक महिन्यांत पहिले फूल दाखवते. चिमटा, कागदी पिशव्या, चिठ्ठ्या, पेन्सिल आणि फ्रिजचा एक कोपरा: सामान एवढेच.

रंगसूत्रांचा, म्हणजे गुणसूत्रांचा हिशेब मात्र टाळता येत नाही, आणि घरी काम करणाऱ्याचा वेळ वाचवणारी गोष्ट तिथेच आहे. गुलाबात सात गुणसूत्रांचा एक संच असतो. चिनी गुलाब, झुपक्यांनी फुलणारे बहुतेक पॉलिअँथा, तसेच जायगँटिया आणि क्लिनोफिला यांच्यात असे दोन संच, म्हणजे चौदा गुणसूत्रे. दुकानात मिळणाऱ्या बहुतेक हायब्रिड टीमध्ये चार संच, अठ्ठावीस. झाकून राहणारा एखादा गुण दोन संचांच्या झाडात एका बाजूने दडलेला असेल, तर त्या झाडाच्या स्वतःच्याच परागाने झालेल्या संततीत तो सरासरी चारातल्या एकात उघड होतो. चार संचांच्या झाडात दोन प्रती दडलेल्या असल्या तरी तो छत्तिसातल्या एकात दिसतो. शंभर रोपे लावणाऱ्यासाठी हा फरक यश आणि अपयश यांच्यातला आहे. दोन संचांचे आणि चार संचांचे झाड एकत्र आणले तर तीन संचांची संतती येते आणि ती बहुधा वांझ असते, म्हणजे वाट तिथेच खुंटते. म्हणून माझा स्पष्ट सल्ला आहे: अंगणातल्या कामाची सुरुवात दोन संचांच्या गुलाबांपासून करावी. इथे एक सापळाही आहे. वर्षभर पुन्हा पुन्हा फुलण्याचा गुण आपल्या बागेत चिनी गुलाबातून आला, आणि तो झाकून राहणारा आहे. क्लिनोफिलासारखा वर्षातून एकदा फुलणारा रानगुलाब त्याच्याशी जुळवला की पहिल्या पिढीतली सगळी रोपे वर्षातून एकदाच फुलतात, तीही दोन-तीन वर्षे वाट पाहायला लावून. ही पिढी पाहून निराश होऊन उपटून टाकणारे फार. तीच रोपे पुन्हा बारमाही चिनी गुलाबाशी जुळवली की पुढच्या पिढीत सरासरी निम्मी बारमाही निघतात आणि रानगुलाबाचे पाण्यात तगणारे रक्त त्यांत टिकून असते. बारमाही फुलण्याचा हा गुण नेमका कोणत्या जनुकातल्या बदलामुळे येतो तेही २०१२ मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. पण अंगणात काम करणाऱ्याला ‘निम्मी’ हा शब्द लक्षात राहिला तरी पुरे.

मग पट्टे, डाग, हिरवी फुले यांचे काय? त्यांना माझा विरोध नाही, क्रमाचा आग्रह आहे. चिनी गुलाबाचा एक प्रकार पाकळ्यांच्या जागी हिरवी दलेच काढतो. पाहण्यासारखा आहे, पण फुलाचे अवयवच बदलून गेल्याने संकराला निरुपयोगी. ‘मोहिनी’ या भारतीय फ्लोरिबंडाचा चॉकलेटी-तपकिरी रंग आजही वेगळा वाटतो. ‘किस ऑफ फायर’ या गुलाबावर किरणोत्सर्गाचा प्रयोग करून दिल्लीच्या संस्थेने पट्ट्यापट्ट्यांची ‘अभिसारिका’ १९७५ मध्ये दिली. इराण-अफगाणिस्तानाकडच्या कोरड्या भागातला रोझा पर्सिका पाकळीच्या बुडाशी गडद तांबडा डाग धारण करतो. इंग्लंडचे जॅक हार्कनेस आणि स्कॉटलंडचे अलेक्झांडर कॉकर यांनी तो डाग बागेतल्या गुलाबात आणायला सुरुवात केली, आणि कॅलिफोर्नियातल्या बेकर्सफील्डचे जिम स्प्राउल या व्यवसायाने डॉक्टर असलेल्या हौशी माणसाने पुढे त्यात मोठी भर घातली. डाग आला पण सुरुवातीच्या झाडांना रोगांनी ग्रासले आणि बरीचशी वांझ निघाली. सुदृढ, बारमाही झाडावर तो डाग बसवण्यात अनेक पिढ्या गेल्या. पिवळ्या रंगाची कथाच पुन्हा घडली. निळ्याचे तर सोपे आहे: गुलाबात निळ्या रंगाचे डेल्फिनिडिन हे द्रव्य तयारच होत नाही. जपानच्या सन्टोरी कंपनीने पॅन्सीचे जनुक घालून केलेला गुलाब २००९ मध्ये विकायला आणला, आणि तोही डोळ्यांना जांभळटच दिसतो. घरच्या संकराने खरा निळा मिळणार नाही. ‘ब्लू मून’सारखा फिका जांभळा मिळेल. ज्याला पट्टे हवे आहेत त्याने ते जरूर शोधावेत, पण दोन पावसाळे काढलेल्या झाडावर शोधावेत. मजबूत झाडावर रंग चढवता येतो. कमजोर झाडावर चढवलेला रंग सप्टेंबरमध्ये पानांबरोबर जातो.

शेवटचा आक्षेप पोटापाण्याचा आहे आणि त्याला बगल देणे बरोबर नाही. धानाच्या भावाने आणि अवकाळी पावसाने गांजलेल्या गावात गुलाबाच्या संकराला वेळ आणि जागा कोणी द्यावी? जागेचे उत्तर असे की पहिल्या वर्षी शंभर रोपे कुंड्यांत किंवा जुन्या डब्यांत मावतात, आणि पहिला पावसाळा त्यांतली बहुतेक स्वतःच कमी करतो. वेळ मात्र लागतो, तो लपवण्यात अर्थ नाही. संकरापासून भरवशाच्या झाडापर्यंत पाच-सहा वर्षे धरावीत, रानगुलाब मध्ये असेल तर अधिक. यातून श्रीमंती येईल असे मी म्हणत नाही. पण हार, पूजा आणि गुलकंद यांसाठी लागणारा सुट्या पाकळ्यांचा सुगंधी गुलाब पावसाळ्यात, म्हणजे गणपती-महालक्ष्म्यांच्या दिवसांत, महाग असतो. ज्या गुलाबाला त्याच काळात पान आणि फूल असेल आणि फवारणीचा खर्च नसेल, त्याची किंमत विदर्भातल्या फुलबाजारात कोणाला समजावून सांगावी लागणार नाही. जुन्या अंगणांत औषधाशिवाय टिकून राहिलेले गावठी गुलाबी झाड याच कारणासाठी पहिले आईबाप म्हणून वापरून पाहण्यासारखे आहे. बाजारातल्या रोपवाटिकेत नाव नाही म्हणून ते तोडू नये.

कायद्याची बाजूही माहीत असावी. वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क अधिनियम, २००१ मध्ये शेतकऱ्याने तयार केलेल्या वाणाला नोंदणीचा हक्क आहे, गुलाबाचा समावेश नोंदणीयोग्य पिकांत आहे आणि शेतकऱ्याला नोंदणीचे शुल्क नाही. नोंदणी झालेला दुसऱ्याचा वाण संकरासाठी आई किंवा बाप म्हणून वापरायलाही हा कायदा आडकाठी करत नाही. त्याच वाणाचे कलम करून विकणे वेगळे, आणि त्याला परवानगी लागते. नोंदणीसाठी वाण वेगळा, एकसारखा आणि स्थिर असावा लागतो. डोळा भरून वाढवलेल्या गुलाबाला यातल्या शेवटच्या दोन अटी फारशा जड जात नाहीत. पहिली सिद्ध करायला मात्र लिखित नोंद हवी. दादाजींच्या धानाला मान मिळायला किती काळ गेला आणि श्रेयावरून किती वाद झाले, हे या भागात सर्वांना ठाऊक आहे. राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानाने त्यांचा गौरव केला तो २००५ मध्ये, म्हणजे त्या लोंब्या दिसल्यानंतर बावीस वर्षांनी. संकराची वही पहिल्या दिवसापासून लिहिली पाहिजे, ती यासाठी.

तेव्हा वाचकाला विनंती एवढीच आहे. येत्या पावसाळ्यात अंगणातल्या, शेजाऱ्यांच्या आणि देवळाजवळच्या प्रत्येक गुलाबावर पोळ्याच्या दिवशी किती पाने उरली ते मोजा आणि लिहून ठेवा. ज्या झाडावर सर्वांत जास्त पाने असतील ते बारमाही असो वा नसो, त्याचे फूल साधे असो वा भरलेले, डिसेंबरमध्ये पहिली कागदी पिशवी त्याच्या कळीवर बांधा. उगवलेल्या रोपांवर दोन पावसाळे काहीही फवारू नका, मरणारी मरू द्या. जे उरेल त्याचे चार डोळे चार घरी द्या, म्हणजे एका घरचे झाड गेले तरी वाण जाणार नाही.